सगळ्यांची एकच चूक

बरोबर उत्तर बघून मला कधी फारसा आनंद झालेला नाही. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवता शिकवता पन्नाशी उलटली, पण आमच्या भागात माझं नाव झालं ते शिकवण्यासाठी नव्हे. आमच्या संस्थेच्या शाळा तालुकाभर विखुरलेल्या. त्यातल्या एखाद्या शाळेत कॉपी झाल्याची कुजबुज उठली की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर यायचा. "त्यांना द्या, ते वास घेतात," असं आमचे मुख्याध्यापक पाहुण्यांसमोर सांगायचे. मी मान खाली घालायचो, पण मला ते आवडायचं.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितलेत. एक गमतीदार आधी देऊन टाकतो. नंतरचा तसा नाही.

कॉपी पकडायची रीत सोपी आहे. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, त्यांच्याकडं बघायचंच नाही. चुका बघायच्या. चूक ज्याची त्याची असते, जशी चप्पल ज्याच्या त्याच्या पायाला घासलेली असते. एकाला सन आठवत नाही, दुसऱ्याला नाव. अख्ख्या वर्गानं एकच चूक केली, तर ती चूक वर्गात कुणीतरी आणून ठेवलेली आहे असं समजायचं. एका शाळेतून नकाशे आले. महाराष्ट्राच्या कोऱ्या आराखड्यात गोदावरी दाखवायची होती. सगळ्या पोरांची गोदावरी पूर्वेकडं उगम पावून पश्चिमेला निघालेली, नाशिक नांदेडच्या जागी आणि नांदेड नाशिकच्या. मी चक्रावलो. मग कळलं, तिथल्या सरांनी पातळ कागदावर नकाशा काढून तो खिडकीच्या काचेला चिकटवला होता, आणि तो उलट्या बाजूनं. मी विचारलं तर ते गृहस्थ म्हणाले, "सर, आमची पोरं लई हुशार. आरशात बघून काढत्यात." ही गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत कितीदा तरी सांगितली आहे.

आता सामायिक चाचणीचं सांगतो, कारण बाहेरच्यांना ते कळणार नाही. पूर्वी प्रत्येक शाळेचा शिक्षक आपला पेपर आपण काढायचा. 'तुमच्या गावच्या बाजाराचं वर्णन करा' असा प्रश्न मी स्वतः घातलेला आहे, आणि पोरांनी शेळीच्या भावापासून दारूच्या अड्ड्यापर्यंत सगळं लिहिलेलं आहे. मग संस्थेनं सगळ्या शाळांना एकच पेपर आणला. चार पर्याय, एकावर खूण. निकाल लागला की शाळांची उतरंड करून ती कार्यालयाबाहेर लावायची. खालच्या शाळेच्या शिक्षकाला चहा मिळायचा, पण बसायला खुर्ची मिळायची नाही.

आमच्या विषयाचं यात काय झालं? गणिताला तास कमी पडला की आमचा घ्यायचे. इंग्रजीला कमी पडला तरी आमचाच. उरलेल्या तासात आम्ही धडा शिकवायचं सोडलं आणि पर्याय शिकवायला लागलो. 'वरील सर्व' दिसलं की डोळे झाकून त्यावर खूण करा. दोन पर्याय सारखे वाटले तर उत्तर त्यातलंच. दुष्काळाच्या धड्यात कारण विचारलं तर 'पर्जन्याचं अल्प प्रमाण', बाकी वाचूच नका. एकदा एका पोरीनं विचारलं होतं, "सर, पाऊस समद्यांवर सारखाच कमी पडला, मग त्या वरच्या रानात ऊस कावून हिरवा हाय?" मी म्हणालो, "ते पेपरात नाही." हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही येतं. पोरी पुन्हा विचारत नाहीत. त्यांनाही कळतं.

मुलांवर शिक्षकाचा संशय, शिक्षकावर मुख्याध्यापकाचा, मुख्याध्यापकावर संस्थेचा. आणि या सगळ्यांवर माझा. मला त्यात चांगलं करमत होतं.

मग तो दुष्काळ आला. आमचं मूळ गाव बीड जिल्ह्यात, चकलांब्याच्या अंगाला आहे, नाव सांगत नाही. मी नोकरीसाठी तालुक्याला राहायचो, गावी आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांची जनावरं. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. टँकर आला की बाया घागरी घेऊन पळायच्या. चारा तर कुठंच नव्हता. गावच्या दूध सोसायटीनं चारा छावणी उघडली. म्हणजे शेताच्या मोकळ्या जागेत जनावरं बांधायची, चारा-पाणी सोसायटीनं द्यायचं, आणि घरातल्या एकानं जनावरांपाशी मुक्काम करायचा. आबा तिथंच राहायला गेले. त्यांचं घर म्हणजे त्या दोन गाई आणि बैलजोडी. आम्ही पोरं त्यांच्या लेखी पाहुणे होतो.

सोसायटीचे अध्यक्ष नाना. गावात दुसरं नाव चालत नव्हतं. नाना गावच्या शाळेच्या समितीचेही अध्यक्ष होते. शाळा आमच्याच संस्थेची.

त्या वर्षीच्या चाचणीचे गठ्ठे आले. गावच्या शाळेच्या सातवीचा गठ्ठा मी उघडला. नागरिकशास्त्राचा एक प्रश्न होता: सहकारी संस्थेत अंतिम निर्णय कोण घेतं? पर्याय: सर्वसाधारण सभा, अध्यक्ष, सचिव, जिल्हाधिकारी. पहिल्या पेपरात खूण 'अध्यक्ष'वर. दुसऱ्यात 'अध्यक्ष'. गठ्ठा संपला, सगळ्यांची खूण तिथंच. अक्षरशः एकही पोर चुकून बरोबर आलेलं नव्हतं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. इतका स्वच्छ नमुना आरशातल्या गोदावरीनंतर आला नव्हता. वर्गाला शिकवणाऱ्या बाई नव्या होत्या, शिक्षणसेवक. म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची, आणि सगळं नीट गेलं तर कायम. तिसरं वर्ष चालू होतं. मी त्यांना इथं वंदनाबाई म्हणतो. नाव खरं नाही. माझं गणित मला लगेच सुटलं: कायम व्हायची घाई, वर्गाचा निकाल वर न्यायचा, फळ्यावर उत्तरं लिहून दिली, त्यातलं एक स्वतः बाईंचंच चुकलं.

एक गोष्ट मी बघितली आणि बाजूला सारली. बाकीच्या प्रश्नांतल्या त्या पोरांच्या चुका अगदी वेगवेगळ्या होत्या, ज्याच्या त्याच्या. एवढी एकच चूक सामायिक. फळ्यावर उत्तरं लिहिली असती तर सगळंच सारखं दिसायला हवं होतं. माझ्याच नियमानं ती पोरं सुटत होती. मी अहवालात लिहिलं, 'सामूहिक कॉपीचा दाट संशय.' वेगळ्या चुकांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मी स्वतःशी म्हटलं, बाई चलाख आहे, मुद्दाम थोडं थोडं चुकवलं असेल.

संस्थेनं सुनावणी लावली. तिच्या आदल्या दिवशी दुपारी वंदनाबाई माझ्या घरी आल्या. बारीक चणीच्या, उन्हानं चेहरा रापलेला. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"सर, तुम्ही मला ओळखलं नाही?"

"नाही."

"मी तुम्हाला ओळखलं. सोसायटीच्या सभेला तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होता. मी पोरांना घेऊन आले होते. आम्ही मागं लिंबाखाली उभे होतो."

तेव्हा मला आठवलं. वार्षिक सर्वसाधारण सभा होती. मी सभासद, आबांच्या सांगण्यावरून हजेरी लावायला गेलो होतो. मागं शाळेची पोरं रांगेत उभी होती, मला वाटलं स्वागतगीताला आणली असतील.

"धडा होता ना सहकाराचा," बाई म्हणाल्या. "पुस्तकात लिहिलंय, सभासद चर्चा करतात, मत देतात, बहुमतानं ठरवतात. म्हटलं गावातच सभा आहे तर डोळ्यांनी बघू द्यावं. सर, सचिवांनी नुसतं 'विषय क्रमांक' म्हटलं, पुढं तोंड उघडायच्या आत सगळे ओरडले, 'मंजूर, मंजूर!' तुम्ही पण ओरडलात."

मी ओरडलो होतो. सगळेच ओरडतात. जेवण थंड होतं म्हणून ओरडतात.

"परत येताना पोरं विचारतात, बाई, विषय काय होता? मला तरी कुठं ऐकू आला! समीर म्हणाला, 'बाई, नानानं मान हलवली का मंग समदे ओरडत्यात. मी बघितलं.' दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुस्तकातलं उत्तर सांगितलं. सर्वसाधारण सभा. पोरं हसली, सर. मला वाटलं हसू द्या, पेपरात बरोबर लिहितील. त्यांनी बघितलं ते लिहिलं."

"मग तुम्ही त्यांना दटावायचं होतं," मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"दटावू कसं? त्यांचं चुकलं नव्हतं." मग त्या थांबल्या. "सर, तुम्ही उद्या एवढंच सांगा की सभेत काय झालं. तुम्ही तिथं होता. माझं कुणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील. माझी कायम व्हायची ऑर्डर यावरच अडलीय."

मी बघतो म्हणालो. आपल्याकडं 'बघतो' म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत होतं. त्या उन्हातच निघून गेल्या.

त्या सभेत कुठला विषय मंजूर झाला ते मी संध्याकाळी फोनवर आबांना विचारलं. आबा म्हणाले, "छावणीची जागा ठरली की. नानाच्या रानात. तू व्हतास ना?"

सकाळी सुनावणीला जायच्या आधी छावणीवर चक्कर टाकली. नाना तिथंच होते, उसाच्या पाचटाच्या छपराखाली खुर्ची टाकून. मला बघून उठले, खांद्यावर हात ठेवला.

"या गुरुजी. आबांच्या गाई बऱ्या हायेत. त्यांना पुढच्या रांगेत बांधायला लावलंय मी, सावलीला." मग माझ्याबरोबर चालत म्हणाले, "त्या पोरांचं ऐकलं मी. कॉपीच असंल न्हाई का? न्हाईतर पोरं असं कावून लिहितील, अध्यक्ष ठरवतो म्हणून? लोकं काय म्हनतील, पोरांच्या डोक्यात कुनी भरवलं?"

त्यांनी मला धमकी दिली असं मी म्हणणार नाही. दिली असती तर सोपं झालं असतं. पुढच्या रांगेत आबा गाईच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होते. त्यांनी माझ्याकडं बघून हात हलवला.

सुनावणी संस्थेच्या कार्यालयात. संस्थेचे सचिव टेबलाच्या पलीकडं, एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला मी. वंदनाबाई उभ्या. सचिवांनी मला विचारलं, "अख्ख्या वर्गाची एकच चूक कॉपीशिवाय होऊ शकते का?"

"सहसा नाही," मी म्हणालो.

त्या 'सहसा'वर मी पुढं कित्येक वर्षं झोपलो. खोटं बोललो नाही, 'सहसा' म्हणालो.

बाईंनी सभेचं सगळं सांगितलं. नाना मोठ्यानं हसले. "काय बोलता बाई! सभासदच ठरिवतात की. हे काय, गुरुजी बसलेत, आमचे सभासद. विचारा त्यांनाच."

सचिव माझ्याकडं वळले. "सभेत कसं ठरलं, सर?"

"सर्वानुमते," मी म्हणालो.

तेही खोटं नव्हतं. वंदनाबाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पोरगं पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणतं तेव्हा शिक्षक बघतो ना, तसं.

त्यांना कायम केलं नाही, त्याच दिवशी शाळेतून काढलं. सातवीची चाचणी रद्द झाली, तिथल्या मुख्याध्यापकांनी पोरांना वर्गात उभं करून सुनावलं की तुम्ही कॉपीबहाद्दर आहात, शाळेचं नाक कापलंत. फेरचाचणी झाली. तिचे पेपरही माझ्याकडंच आले. तोच प्रश्न. सगळ्यांची खूण 'सर्वसाधारण सभा'वर. एकजात सगळ्यांची. या एकसारखेपणाचा कुणालाही संशय आला नाही. अहवाल द्यायची गरजच नव्हती. शाळा उतरंडीत वर गेली.

त्यानंतर गठ्ठे येत राहिले आणि मी वास घेत राहिलो. पाऊस पडला, छावणी उठली, गाई घरी आल्या. पुढं आबा गेले, गाई विकल्या. मी गप्प राहायचं जे कारण स्वतःला सांगत होतो ते गोठ्यातून निघून गेलं, तरी मी गप्पच. तेव्हा माझं मला कळलं की कारण गाई नव्हत्या. निदान नुसत्या गाई नव्हत्या. माझं नाक चुकलं, असं चार लोकांत म्हणायचं मला जमत नव्हतं. ज्याचं नावच त्यावर झालं, त्यानं ते कसं म्हणायचं?

गेल्या उन्हाळ्यात मी वंदनाबाईंचा पत्ता काढला. पालीला राहतात, बिंदुसरेच्या धरणाजवळ. दारात चपलांचा ढीग. आत ओसरीवर पोरं खाली माना घालून खुणा करत होती. बाई स्पर्धा परीक्षांचे, शिष्यवृत्तीचे वर्ग घेतात. बीडहूनसुद्धा पोरं येतात, असं शेजारच्या फळवाल्यानं मला रस्ता दाखवतानाच कौतुकानं सांगितलं होतं.

मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. आतल्या खोलीत बसवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली बहुपर्यायी प्रश्नांच्या पुस्तकांची चवड. मी एका दमात सगळं सांगितलं: वेगळ्या चुका बघितल्या होत्या, लिहिल्या नाहीत. छावणी, नाना, सर्वानुमते. संस्थेकडं जाऊन हे लेखी द्यायला तयार आहे म्हणालो. माझी नोकरी अजून शिल्लक आहे, काय व्हायचं ते होऊ दे.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "सोसायटीची निवडणूक लागलीय म्हणे तुमच्या गावात."

"हो."

"उभे राहताय?"

"नाही हो!"

"मग कोण उभं आहे नानांच्या विरोधात? कुणी पाठवलं तुम्हाला?"

मला राग आला, आणि लगेच लाजही वाटली. जन्मभर मी ज्या नजरेनं उत्तरपत्रिका बघितल्या, त्याच नजरेनं त्या माझ्याकडं बघत होत्या. मी शपथ घेतली. त्यांचा विश्वास बसला की नाही, अजून माहीत नाही.

"असं करा, सर, कुठंही जाऊ नका," त्या म्हणाल्या. "संस्था मला आता नोकरी देणार आहे का? वय गेलं. उलट ते प्रकरण परत उकरलं की इथले आईबाप म्हणतील, ही तीच कॉपीवाली बाई. तुमचं मन हलकं होईल, माझा वर्ग रिकामा होईल. लिहायचं तर नाव घालू नका."

"मग मी करू काय?"

बाहेर कुणीतरी पोरगं उत्तर विचारत होतं. "दुसरा पर्याय," बाई न बघताच ओरडल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"पोरांना सभा बघायला नेणारी बाई म्हणून मला आता कुणी ओळखत नाही. मीही कुणाला कुठं नेत नाही. पोरं पास होतात, मला चार लोक नमस्कार करतात. माझं सोडा. त्या सातवीच्या पोरांना कुणी सांगितलं का, की त्यांनी कॉपी केली नव्हती? वर्गात उभं करून चोर म्हटलं होतं त्यांना. मला तर शाळेत पाय ठेवू दिला नाही नंतर. तुम्ही सांगितलं?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग तिथून सुरुवात करा."

पोरं आता पोरं राहिलेली नाहीत. काहींची लग्नं झाली, काही ऊसतोडीला जातात, त्यांचा ठावठिकाणा हंगाम संपल्याशिवाय लागत नाही. सगळ्यात आधी सापडला तो समीर. नानांची मान हलताना ज्यानं बघितली होती, तो. घाटनांदूरला मामाच्या गॅरेजात मोटारसायकली दुरुस्त करतो. मी गेलो तेव्हा तो एका गाडीची साखळी उतरवून बसला होता. हात काळे, तोंडात स्क्रू. मी ओळख सांगितली. त्यानं स्क्रू हातात घेतला आणि घाईघाईनं एका डब्यावर फडकं टाकून मला बसायला दिलं.

"बसा सर. चहा सांगू? मामू, एक चाय!"

"चहा नको. एक सांगायला आलोय," मी म्हणालो. वाटेत मी वाक्य जुळवून आणलं होतं, तरी अडखळलो. "सातवीच्या त्या चाचणीत तुम्ही कॉपी केली नव्हती. तुमच्यावर आळ आला तो खोटा होता. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांवरचा."

समीर हसला. चांगलं मोकळं हसला. "एवढं सांगायला तिकडून इथवर आलात व्हय? सर, आमी कॉपी केली न्हवती हे आमाला तवाच माहीत व्हतं की."

मीही हसल्यासारखं केलं. उठायला लागलो. तेवढ्यात त्यानं सहज विचारलं, कुठलाही डाव न ठेवता, जसं गिऱ्हाइकाला गाडी कधीपासून बिघडली ते विचारतात तसं:

"तुमाला कवा कळलं?"

मामाचा चहा आला होता. पोरगं एवढ्या आदरानं माझ्याकडं बघत होतं की 'आत्ता आत्ता' म्हटलं असतं तर त्यानं पटकन मान्य केलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"तुमच्या बाईंना काढलं ना," मी म्हणालो, "त्याच्या आदल्या दिवशी."

त्यानं हातातला स्क्रू पुन्हा तोंडात धरला, आणि साखळीकडं वळला.